ही चाल कुणाची

राग लवकर विझतो म्हणतात. माझा विझलेला नाही, आणि तो विझावा म्हणून मी हे लिहीत नाही. कानांपाशी केस पांढरे व्हायला लागले, मुलीच्या शाळेच्या चकरा मारून गुडघे बोलायला लागले, तरी सर्जापूर रोडवरच्या त्या दिवाणखान्यातली सकाळ आठवली की माझी बोटं आपोआप मुठीत वळतात. आई म्हणते, "अजून किती दिवस धरून बसणार आहेस?" मी तिला सांगते, निदान तू तरी हे विचारू नकोस. तू त्या दिवशी जेवली नव्हतीस.

राजाजीनगरात आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानावर घर. आम्ही बेंगळुरात नेमके कधी आलो हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. वर मराठी, खाली कन्नड, आणि जिन्यात दोन्हींची भेसळ. वडिलांना सगळेच अण्णा म्हणायचे, आम्हीही आणि गिऱ्हाइकंही, त्यामुळे खालून हाक आली तर ती घरातली की दुकानातली हे आवाजावरून ओळखावं लागे. सकाळी शटर वर जाण्याचा खडखडाट, मग पातेल्यांच्या चळती बाहेर मांडण्याचा आवाज, आणि दहाच्या सुमाराला सुरू व्हायचं ते भांड्यांवर नाव घालायचं मशीन. लग्नाची भांडी असली की दिवसभर तेच. अण्णा डब्याचं झाकण मांडीवर घेऊन चष्मा कपाळावर चढवायचे आणि पेनासारखं ते मशीन धरून नावं कोरत बसायचे. कन्नड अक्षरं गोल, त्यांचा आवाज घुमत घुमत जायचा. मराठी नाव असलं की तुटक तुटक कर्रर्र, कर्रर्र, आणि शेवटी सगळ्या अक्षरांवरून एकच लांब रेघ. मी वर अभ्यास करताना नुसत्या आवाजावरून सांगू शकत असे की खाली कुठल्या लिपीतलं नाव चाललंय.

आई बेळगावची. तिच्या हातचं चित्रान्न खाल्लेल्या कन्नड शेजारणी तिला कृती विचारायच्या, याचा तिला फार अभिमान. थंडीत अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, आले की ती पोतंभर घेऊन बसायची आणि आम्हा सगळ्यांना दाणे सोलायला लावायची. तिच्या नखांना महिनाभर त्या शेंगांचा तेलकट वास असायचा. त्या वासात मी पियानो शिकले असं म्हटलं तरी चालेल, कारण शिकवणीहून आले की हात धुवायच्या आत पुढ्यात शेंगांची परात यायची.

पियानो आमच्याकडे नव्हता. तो दोन गल्ल्या सोडून लोबो मिसकडे होता. मी खरं तर त्यांच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला जायचे. मिस मूळच्या मंगळूरच्या, एकट्या राहायच्या, लाल सिमेंटच्या व्हरांड्यात कुंड्या आणि आतल्या खोलीत भिंतीला लावलेला तो जुना उभा पियानो. पावसाळ्यात त्याच्या दोन पट्ट्या खाली गेल्या की वर यायच्या नाहीत. एक दिवस व्याकरण संपल्यावर मी त्यावर रेडिओवर ऐकलेलं एक गाणं एका बोटाने वाजवलं. मिस स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी विचारलं, "हें कोणाचें?" त्या माझ्याशी कोंकणीत बोलायच्या, मी मराठीत, आणि दोघींनाही कळायचं. मी सिनेमाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, सिनेमाचं नाव नको, चाल कुणी केली ते सांग. मला माहीत नव्हतं. "मग आधी ते शोधून ये, आणि मग वाजव."

हा त्यांचा नियम. इंग्रजीची शिकवणी सुटली आणि पियानोची सुरू झाली, तरी नियम तोच. काहीही वाजवायच्या आधी ते कुणाचं हे तोंडाने सांगायचं. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला परदेशी माणूस असो की परवाच्या सिनेमाचा संगीतकार. त्या म्हणायच्या, दुसऱ्याची चाल आपल्या हाताने वाजवणं ही वाईट गोष्ट नाही. सगळं जग तेच करतं, त्याला कव्हर म्हणतात, आणि चांगलं कव्हर करायलाही अक्कल लागते. फक्त ज्याच्या घरात आपण जेवलो त्याचं नाव विसरायचं नाही. मला तेव्हा ही शिस्त वाटायची, पायातली चप्पल बाहेर काढून ठेवण्यासारखी. त्यामागे काय आहे ते कळायला मला दुसऱ्याची लबाडी बघावी लागली.

आमचं एक छोटंसं मराठी मंडळ होतं. त्यात दोन प्रकारची माणसं. एक आमच्यासारखी, जुनी, दुकानदार आणि बँकेतली. दुसरी पुण्या-मुंबईहून आयटीत नोकरीला आलेली. नव्या लोकांना आमची मराठी ऐकून हसू यायचं. "किती गोड बोलता हो तुम्ही, एकदम जुनं," असं म्हणायचे, आणि आपसात इंग्रजीत बोलायला लागायचे. अण्णांना त्यात काही टोचायचं नाही. शिकलेली माणसं आपल्या मुलीचं कौतुक करतात, यातच ते खूश. कारण तोवर मी मंडळात पियानोवाली झाले होते. कार्यक्रमाला कुणीतरी कीबोर्ड आणायचं, मी जुनी-नवी सिनेमाची गाणी वाजवायचे, लोक गुणगुणायचे, टाळ्या पडायच्या.

सुहासकाका त्यातलेच. पुण्याचे, सर्जापूर रोडवर मोठ्या सोसायटीत राहायचे, हातात कायम चांगला कॅमेरा. त्यांचा मुलगा रोहन माझ्याहून वर्षाने मोठा, तोही कीबोर्ड वाजवायचा, पण चारचौघांत बसायला लाजायचा. काकांनी माझे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. तेव्हा लोक नुकतेच इंटरनेटवर असली गाणी बघायला लागले होते. "शैला, तुझं टॅलेंट वेस्ट जायला नको," म्हणायचे. रविवारी अण्णा मला त्यांच्याकडे घेऊन जायचे, दोन बस बदलून. मेधाकाकू पोहे करायच्या, रोहन खुर्चीत बसून ऐकायचा, काका दिवे लावायचे. मी प्रत्येक गाण्याआधी संगीतकाराचं नाव सांगायचे, आणि व्हिडिओत ते कापलेलं असायचं. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, लोक बोअर होतात. खाली टायटलमध्ये आहे ना." टायटलमध्ये सिनेमाचं नाव आणि नटीचं नाव असायचं. मिसना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पियानोचं झाकण लावून टाकलं आणि त्या दिवशी शिकवलं नाही.

माझी स्वतःची चाल कशी झाली ते मला नीट सांगता येणार नाही, आणि ज्यांना सांगता येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. एवढं आठवतं की लग्नसराईचे दिवस होते, खाली मशीन सतत चालू होतं, आणि माझा डावा हात जेवताना, दाणे सोलताना ताटाच्या कडेवर तोच ठेका धरत होता. तुटक तुटक, आणि मग लांब. मिसकडे गेल्यावर मी तो खालच्या पट्ट्यांवर धरला आणि उजवा हात काहीतरी शोधत राहिला. कितीतरी दिवस ते जमत नव्हतं. मिस स्वयंपाकघरात असायच्या. मग एका संध्याकाळी ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग झालं. मी हात काढले. मिस दारात उभ्या होत्या. "हें कोणाचें?"

"माझं."

त्यांनी मान हलवली, जणू मी रोजच असं उत्तर देते. मग म्हणाल्या, डावा हात फार बडबड करतो, उजव्याला बोलू दे, पुन्हा वाजव. मी पुन्हा वाजवलं. घरी जाताना मी रस्त्यावर एकटीच हसत होते, आणि एका रिक्षावाल्याने मला "एनम्मा, काय झालं?" असं विचारल्याचं आठवतं. काय झालं होतं ते त्याला कसं सांगणार? शिकल्यापासून पहिल्यांदा मला कुणाचं नाव शोधून काढावं लागलं नव्हतं.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मी ते वाजवलं. आधी सांगितलं की ही माझी चाल आहे. बहुतेक ते कुणी ऐकलं नाही. वाजवून झाल्यावर टाळ्या आल्या, पण चुकून पडल्यासारख्या, आणि पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "छान आहे, पण हे कुठल्या सिनेमातलं?" मी सांगितलं, सिनेमातलं नाही. "मग आता एखादं ओळखीचं वाजव ना." मी ओळखीचं वाजवलं. माझे कान तापले होते. सगळे गुणगुणायला लागले. अण्णाही.

फक्त सुहासकाका जवळ आले. "ही तुझी? रिअली? हे रेकॉर्ड करायलाच पाहिजे." पुढच्या रविवारी त्यांनी ते दोनदा रेकॉर्ड केलं. रोहनने कधी नव्हे ते तोंड उघडलं, डाव्या हाताचा ठेका कसा मोजतेस म्हणून विचारलं, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याला तो दाखवला. मी काय, आनंदात होते. मग व्हिडिओ आला नाही. विचारलं की काका म्हणायचे, एडिटिंग चाललंय, क्वालिटीत तडजोड नको. माझी परीक्षा आली आणि गेली.

आम्हाला कळलं ते मेधाकाकूंमुळे, आणि त्या बिचारीला आपण काय सांगतोय याची कल्पना नव्हती. त्यांनी आईला फोन केला. रोहनने स्वतःचा पीस कंपोज केलाय, परदेशातल्या कॉलेजला पाठवायचाय, इंटरनेटवर हजारो लोकांनी बघितलाय, तुम्हीपण बघा. आई कौतुकाने मला म्हणाली, "बघू तरी काय केलंय पोरानं." दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी ते लावलं. अण्णा गल्ल्यावर, आई खांद्यामागे. रोहनने पांढरा शर्ट घातला होता. त्याने पहिले चार सूर वाजवले आणि आईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. आईला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण ती चाल तिने माझ्या तोंडून महिनोन्‌महिने ऐकली होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ओरिजिनल कॉम्पोझिशन, आणि पुढे रोहनचं नाव.

मी ओरडले नाही. मला आठवतं की मी पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि शेवटापर्यंत ऐकलं. मग अण्णा म्हणाले, "सरी, बरं, जाऊ दे. त्यात काय एवढं? तूपण दुसऱ्यांचीच गाणी वाजवतेस की."

आजही मला कळत नाही की त्या क्षणी मला जास्त राग कुणाचा आला, सुहासकाकांचा की माझ्या बापाचा. मी म्हटलं, "अण्णा, मी वाजवते तेव्हा ज्याचं त्याचं नाव सांगते. यांनी माझी चाल घेऊन त्यावर त्याचं नाव घातलंय. उद्या गिऱ्हाइकाने नाव घालायला दिलेल्या डब्यावर तुम्ही आपलं नाव घातलंत तर?"

"डबा वेगळा," अण्णा म्हणाले. "डबा हातात धरता येतो. सूर काय, हवेतला."

"मग मी महिनोन्‌महिने हवेत हात मारत होते?"

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. पण आई वर जाऊन परत आली आणि जिन्यातूनच म्हणाली, "रविवारी तिला घेऊन जावा. विचारून तरी यावा." आई अण्णांना सहसा काही करायला सांगायची नाही, त्यामुळे अण्णा गेले.

रविवारी आम्ही बसमध्ये बसलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मांडीवर मिठाईचा पुडा होता. मिठाई. मी खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर तो पुडा मी बाहेर फेकला असता. काकांकडे नेहमीसारखेच पोहे झाले होते. काका सोफ्यावर, रोहन जेवणाच्या टेबलाशी, त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं, म्हणजे नसल्याचं तो दाखवत होता. अण्णा हवापाण्याचं बोलत बसले. शेवटी मीच विचारलं.

"काका, रोहनच्या व्हिडिओतली चाल माझी आहे."

काका हसले. "अगं हो, तुझ्यापासूनच इन्स्पायर झालाय तो. डेफिनेटली."

"इन्स्पायर नाही. तीच चाल आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत."

"हे बघ बेटा," ते पुढे सरकून बसले, ऑफिसमध्ये खालच्या माणसाला समजावतात तसे. "म्युझिकमध्ये ओरिजिनल असं काही नसतंच. सूर सातच आहेत. सगळे जण कुठून ना कुठून घेतात. आणि तू इतकी वर्षं काय वाजवलंस? सगळी कव्हर्सच ना? तेव्हा त्या संगीतकारांना विचारलं होतंस?"

"नाही विचारलं. पण त्यांची नावं सांगितली होती. प्रत्येक वेळी. तुम्ही ती कापलीत."

मेधाकाकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. "काय म्हणतेय ही, सुहास? ते रोहनचं नाहीये?"

तेव्हा टेबलाशी बसल्या बसल्या रोहन बोलला, अगदी हळू. "मी कव्हर म्हणूनच वाजवलं होतं, आई. मी सुरुवातीला शैलाचं नाव घेतलं होतं. बाबांनी ते काढलं."

माझ्या मनात आलं, आता होईल. हा बोलला, आता सगळं सरळ होईल. मी किती मूर्ख होते. काका शांतपणे म्हणाले की अर्ज गेलेला आहे, त्यात ही चाल त्याची म्हणून दाखवली आहे, आता बदललं तर मुलाचं वर्ष जाईल, करिअर जाईल. तुला काय फरक पडतो, तू काही परदेशी चालली नाहीस. तू हुशार आहेस, दुसरी करशील. बी प्रॅक्टिकल.

मी रोहनकडे बघितलं. "तू सांग ना त्यांना. तू कळव कॉलेजला." त्याने मान खाली घातली. चोरी करणाऱ्या काकांपेक्षा मला तो जास्त किळसवाणा वाटला, कारण त्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो पोह्यांतले शेंगदाणे वेगळे करत होता. मी उठले, आणि मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. चोर हा शब्द त्यात होता, तो मात्र आठवतो, आणि मी तो काकांकडे बोट करून म्हटला होता.

आणि मग अण्णांनी हात जोडले. ते उठले, काकांसमोर उभे राहिले, आणि हात जोडून म्हणाले, "लहान आहे, समजत नाही तिला. मनावर घेऊ नका. स्वल्प रागीट आहे." काका म्हणाले, "इट्स ओके, अण्णा, मुलं आहेत." मिठाईचा पुडा टेबलावरच राहिला.

घरी पोचल्यावर मी आईला सगळं सांगितलं, हात जोडण्यापर्यंत. आई ताटं वाढत होती. तिने पळी आमटीत तशीच सोडली. "कशाला जोडलासा हात?" तिने अण्णांना विचारलं. "चोराला हात जोडायचे, हे कुठलं शहाणपण?" अण्णा म्हणाले, मोठी माणसं आहेत, शिकलेली आहेत, मंडळात रोज तोंड बघायचंय. आई जेवली नाही. ती नुसती आमच्या समोर बसून राहिली, आणि ते जेवण न करणं अण्णांना शंभर शिव्यांपेक्षा जड गेलं असावं.

मी पियानोला हात लावणं सोडलं. मिसकडे जायचे, व्हरांड्यात बसायचे. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या बराच वेळ कुंडीतली वाळलेली पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती चाल त्याच्याकडे आहे म्हणून तुझ्याकडून गेली का? हात दाखव. दोन्ही आहेत ना?" मला तेव्हा त्यांचाही राग आला. मला कुणीतरी माझ्या बाजूने भांडायला हवं होतं आणि सगळे जण मला पुढे ढकलत होते. तरी मी आत गेले आणि वाजवलं, चीड काढायची म्हणून, पट्ट्यांवर मूठ आपटल्यासारखं. किती वेळ वाजवलं कोण जाणे. थांबले तेव्हा व्हरांड्यात अण्णा उभे होते. अंधार पडला म्हणून न्यायला आले होते. चपला हातात.

"हे तेच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मंडळात त्यांनी ते ऐकलं होतं, दुकानातही ऐकलं होतं, पण तेव्हा ते पोरीचं कौतुक ऐकत होते किंवा शिकलेल्या माणसांना घाबरत होते. त्या दिवशी त्यांनी चाल ऐकली. ते आत आले, पियानोपाशी वाकले, आणि खालच्या पट्ट्यांकडे बोट करून म्हणाले, "हे आपलं मशीन आहे. हे तुटक तुटक... आणि मग तू वरची रेघ ओढतेस." मिस मला म्हणाल्या, तुझा डावा हात बडबड करतो असं मी म्हटलं होतं, ते मागे घेते.

घरी जाताना अण्णांनी एवढंच विचारलं, की रोहनच्या व्हिडिओत पण ही रेघ होती का. मी म्हटलं, होती. मीच शिकवली होती. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला आणि मला त्यांच्याबरोबर जवळजवळ पळावं लागलं.

दिवाळीनंतर मंडळाचं स्नेहसंमेलन हेब्बाळकडच्या एका शाळेच्या सभागृहात झालं. छापील कार्यक्रमात रोहनचं नाव होतं, पियानोवर स्वरचित रचना. परदेशी जाणारा आपला मुलगा म्हणून त्याचा सत्कारही होता. मला जायचं नव्हतं. अण्णा म्हणाले, चल. आईने तिची बेळगावची साडी नेसली, भांडायला निघाल्यासारखी. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. सूत्रसंचालकाने रोहनला बोलावलं, तो कीबोर्डपाशी बसला, आणि त्याने हात उचलायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची वाजली. अण्णा उभे राहिले होते.

"स्वल्प थांबा," ते म्हणाले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, आवाज घोगरा आला. "वाजवायच्या आधी हे कुणाचं आहे ते त्याला सांगू दे."

सुहासकाका पहिल्या रांगेतून वळले. "अण्णा, प्लीज, हे इथे नको."

"सरी. मग कुठं? तुमच्या घरी विचारलं, तिथं मी हात जोडले. ती माझी चूक. आता इथं विचारतो." मग ते रोहनकडे बघून म्हणाले, "बाळा, मी तुला काही करणार नाही. फक्त नाव सांग. मग वाजव."

लोक कुजबुजायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, किती छोट्या गोष्टीवरून. एक जण अण्णांचा हात धरून त्यांना बसवायला आला, आणि आईने त्या माणसाकडे अशी नजर टाकली की तो स्वतःच बसला. काका स्टेजकडे निघाले. पण रोहनने त्यांच्याआधी माइक घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

"हे कव्हर आहे," तो म्हणाला. "चाल शैलाची आहे. मी फक्त वाजवतोय."

आणि त्याने वाजवलं. मी असं लिहू शकले असते की त्याने ते वाईट वाजवलं. त्याने छान वाजवलं. माझ्यापेक्षा संथ, डावा हात हलका ठेवून. शेवटी जिथे मी थांबते तिथे तो थांबला नाही, त्याने तो सूर जरा लांबवला, आणि मला तिथे बसल्या बसल्या स्पष्ट दिसलं की एवढा भाग त्याचा आहे आणि बाकी सगळं माझं. माझी चाल मी पहिल्यांदा बाहेरून ऐकत होते, नावासकट. त्यात मला काही टोचत नव्हतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ऐकलेले तेच सूर होते, पण या वेळी माझ्या हातून काही गेलं नव्हतं. मिसनी इतकी वर्षं जे तोंडाने वदवून घेतलं त्याचा अर्थ मला तेव्हा कळला, आणि कळला म्हणून राग दुपटीने आला. एवढंच तर करायचं होतं. एक वाक्य. ते पहिल्या दिवशी व्हिडिओत राहिलं असतं तर मी स्वतः त्याच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या असत्या.

टाळ्या पडल्या, कुणासाठी ते माहीत नाही. सुहासकाका मेधाकाकूंची वाट न बघता निघून गेले. मंडळातल्या नव्या लोकांपैकी बरेच जण पुढे अण्णांशी बोलेनासे झाले, आणि काही जुनेही, कारण अण्णांनी समारंभाचा विचका केला होता. अण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. इंटरनेटवरचं ते नाव मात्र बदललं गेलं नाही. काकांनी बदललं नाही आणि रोहनने बदलायला लावलं नाही. कॉलेजला त्याने कळवलं की नाही, मला माहीत नाही. तो गेला, एवढं माहीत आहे. त्यानंतर मी खूप चाली केल्या, काही बऱ्या आहेत, आणि लोक माझी कव्हर्सही करतात, नाव घालून करतात, मला आवडतं. पण ती पहिली अजून तिथे त्याच्या नावाने पडलेली आहे, आणि मला कुणी सांगू नये की एका सभागृहात खरं बोलल्याने हिशेब मिटतो.

त्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर आम्ही बाहेर पायऱ्यांवर रिक्षाची वाट बघत होतो. रोहन एकटाच आमच्याकडे आला. अण्णांना त्याने नमस्कार केला, आईलाही. मग माझ्यासमोर उभा राहिला, म्हणाला, "सॉरी, शैला," आणि हात पुढे केला. आई बाजूला बघत होती. अण्णा मला खुणावत होते, घे, म्हणून. तो तसाच हात पुढे धरून उभा राहिला, बराच वेळ, आणि रिक्षा आल्यावर मी त्याला वळसा घालून आत जाऊन बसले.